परड्यातली जागा

तुंगाबाई नर्सला कुणी काही सांगितलं की ती मान हलवायची आणि ते खोटं धरून चालायची. पाणी उकळलंय म्हटलं की झाकण काढून बघणार. कात्री धुतलीय म्हटलं की उजेडात धरणार. ताप उतरला असं पोराची आई म्हणेपर्यंत बाईचा हात पोराच्या मानेवर गेलेला असायचा. पाटलाची सून असो की तंबाखूच्या वखारीत राबणारी, सगळ्यांना तिचं एकच वाक्य. "सांगू नगा, दाखवा."

इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. आमचं गाव कोगनोळीच्या वाटेवर. निपाणी गाठायची तर बैलगाडीत अख्खी सकाळ जायची. शेजारच्या गावात सरकारी दवाखाना झाला होता. दवाखाना म्हणजे एक खोली, महिन्यातून दोनदा येणारा डॉक्टर आणि कायमची म्हणून ही बाई. बेळगावात शिकून आलेली. पांढरं लुगडं, पायात कॅनव्हासचे बूट, कपाळ मोकळं. विधवा म्हणावी तर डोक्यावर दाट केस होते, ख्रिस्ती म्हणावी तर शनिवारी मारुतीच्या पाया पडायची. कानडी बोलायची ती कानडी माणसासारखी आणि मराठी आमच्यासारखी. ती नेमकी कुणाची हे कुणालाच ठरवता येईना, आणि असं माणूस गावात फिरायला लागलं की त्याच्यावर डोळा ठेवावाच लागतो.

आम्हा बायकांचा डोळा होता तिच्या कातडी पिशवीवर. कारण बाळंतीण सुटली की बाळामागून पडणारी वार ही बाई मागून घ्यायची. थाळीत पसरायची, धुवायची, बोट फिरवून फिरवून बघायची. आमच्याकडे वार नव्या गाडग्यात घालून, हळद-कुंकू वाहून घरच्याच बाईने परड्यात पुरायची. घरामागच्या त्या मोकळ्या जागेत नेमकी कुठे पुरली, हे बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही. परक्याच्या हाती लागली तर करणी होते, पोर वाळतं, बाईची कूस पुन्हा उजवत नाही. मग हिला ती हवी कशाला? पिशवीत घालून नेत असणार. साहेबाच्या औषधात घालत असतील.

मी निपाणीची, मराठी चौथी शिकलेली, पण माझाही यावर पक्का विश्वास होता. शिकल्याचा उपयोग एवढाच, की बाकीच्यांपेक्षा मी जरा बारकाईने संशय घ्यायची. एकदा ती आमच्या दारात पाणी प्यायला टेकली, तेव्हा मी पिशवी उचलून ओट्यावर ठेवली. वजनाचा अंदाज घ्यायचा होता. तिने ते ओळखलं. पिशवी उघडली आणि आतलं एकेक काढून ओट्यावर मांडलं. कात्री, दोरा, कापूस, साबणाची वडी, औषधाच्या दोन बाटल्या, मिश्रीची डबी. झालं का बघून, म्हणून विचारलं. मी मान हलवली, पण मनात म्हटलं, आतला कप्पा काही दाखवला नाही.

माझी थोरली जाऊ पारूअक्का तिसऱ्यांदा बाळंत झाली त्या दिवशी ही सगळी शहाणपणं उघड्यावर आली. न्याहारीच्या वेळेला गावच्या सुईणीच्या हातून ती सुटली. मुलगी झाली. थोरल्या दिरांनी आईला न विचारता नर्सला निरोप धाडला होता, हे सासूबाईंना तेवढ्यात कळलं. त्यांनी गाडगं माझ्या हातात दिलं आणि ती बाई यायच्या आत पुरून ये म्हणाल्या, नेहमीच्या जागी नको. मी कडब्याच्या गंजीमागे खड्डा काढला, गाडगं पुरलं, वर शेणी रचल्या. हात धुऊन आत आले तेव्हा मोठं काम केल्यासारखं वाटत होतं.

तुंगाबाई आली तोवर पारूअक्काच्या अंगाखालचं तिसरं पटकूर भिजलं होतं. बाईने तिचं पोट चोळलं. ते घट्ट व्हायचं आणि पुन्हा सैल पडायचं. रक्त थांबेना. वार कुठं आहे, तिने विचारलं. सुईण म्हणाली, पुरी पडली. सासूबाईही तेच म्हणाल्या. दाखवा म्हटल्यावर सासूबाईंनी दूधगंगेत सोडली म्हणून ठोकून दिलं. तुंगाबाईने त्यांच्या कोरड्या पायांकडे बघितलं. मग माझ्या हातांकडे. हात धुतले होते, पण नखांत माती होती.

ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "आत तुकडा ऱ्हायलाय का न्हाय, त्ये मला वार बघितल्याबिगर कळत न्हाय. ऱ्हायला असला आनि मी काढला न्हाय तर ही जातीया. नसला आनि उगंच हात घातला तर माझ्या हातानं जाईल. कुठं पुरलीस?"

सासूबाई पलीकडून डोळ्यांनी मला नको म्हणत होत्या. सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिलं हेच आलं, की बाई अशीच भीती घालून वार मिळवत असेल. जाऊ समोर पांढरी पडत होती आणि मी संशय घेत उभी होते. मग पारूअक्काने पाणी मागितलं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा आठ दिवस हिने मला आपल्या वाकळेत घेतलं होतं, मी आईच्या आठवणीने रडायची म्हणून. तिचा तो आवाज ओळखू येईना. गंजीमागं, मी म्हटलं.

सासूबाई दार अडवून उभ्या राहिल्या. नातीला काही झालं तर ते तुझ्या डोक्यावर, असं मला म्हणाल्या. तुंगाबाई त्यांच्याशी भांडली नाही. "आक्का, तुमीच उकरा," ती म्हणाली. "तुमच्या हातानं धुवा. मी हात लावत न्हाय. निस्ती बघतो."

तसंच झालं. सासूबाईंनी गाडगं उकरलं, वार थाळीत घेऊन धुतली, पसरली. तुंगाबाई हात मागे बांधून वाकली. भाकरीचा तुकडा मोडून घ्यावा तशी एका कडेला रिकामी जागा होती. ती सासूबाईंनाच आधी दिसली. "हितं न्हाय," त्या म्हणाल्या.

पुढे तुंगाबाईने कोपरापर्यंत हात घासले. सासूबाईंनी सुनेचं डोकं मांडीवर घेतलं. पारूअक्का ओरडली ते अजून माझ्या कानात आहे. तुकडा निघाला, बाईने तो त्या कडेला लावून बघितला, बसला. मग कितीतरी वेळ ती पोटावर हात ठेवून बसून होती. ऊन परड्यात उतरलं तेव्हा कुठे रक्त थांबलं आणि तिने हात काढला.

तो तुकडाही तिने गाडग्यात घातला, गाडगं सासूबाईंच्या पुढे सरकवलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसली. "जावा, पुरून या. दुसरी जागा धरा. मला सांगू नगा." या वेळी ‘सांगू नगा’च्या पुढे ‘दाखवा’ नव्हतं.

चहा घेताना ती एकदाच स्वतःविषयी बोलली. तिच्या थोरल्या बहिणीच्या वेळीही सगळ्यांनी पुरी पडली म्हणून सांगितलं होतं. पाचव्या दिवशी बहीण गेली. तोवर मला ही बाई कडक वाटायची. त्या दिवशी कळलं, ती भ्यालेली आहे, आणि प्रत्येक घरात त्याच भीतीने शिरते. माझा जीव कळवळला.

गाव काही लगेच सुधारलं नाही. लोक तिच्या पिशवीकडे बघतच राहिले, तीही लोकांच्या भांड्यांत बघत राहिली. माझी दोन्ही मुलं तिच्याच समोर झाली. सासूबाईंनी धुवायचं, तिने बघायचं, पुरी म्हणायचं आणि भिंतीकडे तोंड फिरवायचं, अशी आमच्या घरची रीतच पडली. जागा मात्र सासूबाई मलाही सांगत नसत.

पुढे तिची बदली नंदगडच्या बाजूला झाली. निरोप घ्यायला आली तेव्हा सासूबाईंना नीट दिसत नव्हतं. त्यांनी तुंगाबाईचा हात धरला आणि तिला परड्यात नेलं. मीही मागोमाग गेले. काठीने एकेक जागा दाखवत त्या म्हणाल्या, "ही पारूच्या लेकीची. ह्या दोन हिच्या पोरांच्या. आनि ती तिथं माझ्या ल्योकांची. तू बघितल्याबिगर ऐकनार न्हाईस. बग."

तुंगाबाईने बूट काढून बाजूला ठेवले आणि अनवाणी उभी राहिली. उभ्या आयुष्यात प्रत्येक गोष्ट निरखून बघितलेली बाई, पण तिला त्या घडीला काही दिसत असेल असं वाटत नाही. पदर डोळ्यांना लावला होता तिने.

तिची गाडी वळणाआड गेली. पण माझा स्वभाव कुठे जाणार. मी सासूबाईंना म्हटलं, तिला सगळ्या जागा कळल्या, आता त्या बदलायला हव्यात का?

सासूबाई काठी टेकून थांबल्या. "का गं?" त्या म्हणाल्या. "परकं कोन आलतं?"