जिन्याखालच्या बादल्या

मित्राच्या पन्नाशीला घरची बिअर देईन, असं मी फुशारकी मारत सांगून बसलो. एरवी मी वीस लिटर करायचो, या वेळी चाळीस. इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या आमच्या घरातली शेगडी इलेक्ट्रिक, पाणी उकळायला तासभर घेणारी, आणि सगळ्यांत मोठं भांडं म्हणजे बायकोचं पावभाजीचं पातेलं. दुसरं शेजाऱ्याकडून मागून आणलं. हौसेला मोल नसतं म्हणतात. माझ्या हौसेला भांडी नव्हती.

त्याच सुमारास बाबा पुण्याहून तीन महिन्यांसाठी आले होते. त्यांनी दारू सोडून नऊ वर्षं झाली होती. त्याआधीची वर्षं मी विसरलेलो नाही. माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी त्यांना दोघांनी रिक्षातून उचलून घरी आणलं होतं, आणि आणलेले पेढे आईने कुणाला वाटलेच नाहीत.

"बाबा घरात असताना बिअर करायची?" बायकोने विचारलं.

"नऊ वर्षं झाली. आणखी किती दिवस आपणच जपायचं?" मी खेकसलो. तो राग तिच्यावरचा नव्हताच.

शनिवारी सकाळी दोन्ही पातेली चढवली. चाळीस लिटर एकदम उकळणं शक्यच नव्हतं. म्हणून थोड्या पाण्यात माल्टचा, म्हणजे मोडवून वाळवलेल्या जवाचा, दाट काढा करायचा आणि नंतर बादल्यांमध्ये गार पाणी घालून तो वाढवायचा, असा बेत. पण फेस आवरेना. एका पातेल्याकडे धावलो की दुसरं उतू जायचं. बाबा दारात उभे होते.

"झारा दे इकडे," ते म्हणाले.

त्यांचं लहानपण गावच्या गुऱ्हाळावर गेलेलं. काहिलीतल्या रसावरची मळी काढावी तसा त्यांनी फेस अलगद काढला, आच उतरवली. "तुला फार घाई," मला म्हणाले. मग स्वयंपाकघरामागच्या बाथरूममध्ये नेऊन आम्ही दोघांनी काढा गार करायला पातेली टबातल्या बर्फाच्या पाण्यात उतरवली. दोन तास बाबा आणि मी न भांडता एकत्र काम केलं. असं कधी झाल्याचं मला आठवत नाही. मला फार बरं वाटलं.

काढा बादल्यांत ओतून त्यात गार पाणी आणि आंबवणारं यीस्ट घातलं, आणि झाकणं लावून बादल्या जिन्याखालच्या कपाटात ठेवल्या, कारण घरात सारखी ऊब तिथेच. त्या भिंतीपलीकडे बाबांचा पलंग. गुडघ्यांमुळे ते खालच्या खोलीत झोपत. मी त्यांची परीक्षा बघत होतो का? तेव्हा हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. आता विचारतो, आणि उत्तर 'हो' असंच येतं.

यीस्ट कामाला लागलं. झाकणातल्या नळीतून बुडबुडे वाजू लागले, वास घरभर पसरला. बाबांचं बोलणं कमी झालं, ताटात अर्धी पोळी उरू लागली. मला वाटलं, थंडी बाधली असेल.

पाचव्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेलो, तर बाबा कोट घालून पलंगावर बसलेले. बॅग भरलेली.

"मला बर्मिंगहॅमला तुझ्या ताईकडे सोड."

"का? काय झालं?"

"भिंतीतून आवाज येतो रे. दिवसभर तुम्ही दोघं कामावर, घरात मी एकटा. काल दुपारी कपाट उघडलं. एका बादलीचं झाकण काढलं आणि कप घेऊन उभा राहिलो. बराच वेळ. मग झाकण परत लावलं. प्यायलो नाही. पण आजचं मला सांगता येत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे मदत मागितली होती. आणि माझ्या डोक्यात काय आलं, तर उघडी बादली. बाहेरचं काही आत पडलं की अख्खी बिअर नासते. मी जे विचारलं, ते लिहितानाही लाज वाटते.

"कप आत बुडवलात का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "नाही," म्हणाले. मग, मला धीर द्यावा तसं, "हातही धुतले होते मी."