पांढरी गोळी आधी

माझ्या पोटात उजव्या बाजूला आईची किडनी आहे. तिसरं वर्ष चाललंय. शरीराने ती परकी म्हणून हाकलून देऊ नये यासाठी मी सकाळ-संध्याकाळ प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या घेते, त्यातली पांढरी दोन-दोन. आई म्हणते, "ताकद वाढवाच्या गोळ्या आयकल्या होत्या, कमी कराच्या इथंच पाह्यल्या." गोळ्यांचा डबा मात्र तिच्याच ताब्यात. भीमपूरकडचं शेत भावावर टाकून ती मावला गावी माझ्याकडे राहायला आली, ती त्यासाठीच. मी शिलाई मशीनवर असले तरी आठच्या ठोक्याला पाण्याचा पेला समोर हजर.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी माझ्या कमरेला डाव्या बाजूला फोड उठले. नुसती आग. साडी घासली तरी डोळ्यांत पाणी यायचं. शेजारीण बघून म्हणाली, नागीण आहे, तोंड-शेपूट जुळू देऊ नका. मग ती रोज येऊन किती अंतर उरलंय ते बघून जायची. तिच्या अंगावर कात्री फेकावीशी वाटायची, पण ती गेली की मीही आरशात तेच बघायची. फोडांचे फोटो किडनी बसवणाऱ्या हैदराबादच्या डॉक्टरांना पाठवले. त्यांचा फोन आला तेव्हा मी तापात पडले होते, म्हणून आईने घेतला. आत येऊन तिने सांगितलं, "व्हायरस हाये म्हने. नव्या गोळ्यांची चिठ्ठी मोबाइलवर धाडतो म्हनला. अन पांढरी गोळी आधी द्या म्हने."

मग पांढरी आधी. चहाच्याही आधी, दोन्ही वेळा, नेहमीच्या दोन-दोन. आईने ते अगदी काटेकोर पाळलं.

नव्या गोळ्या सुरू होऊनही फोड पाठीकडे सरकतच होते. ताप हटेना. चौथ्या दिवशी मीच फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "वो सफेद गोली आधी कर दी थी ना? दो की जगह एक?"

हिंदीतली आधी म्हणजे अर्धी. आईने ती मराठीत ऐकली. व्हायरसशी लढायला शरीराला जरा मोकळीक मिळावी म्हणून जी गोळी निम्मी करायची, ती आम्ही चार दिवस पुरेपूर देत होतो, वर पहिला मान देऊन. गिऱ्हाइकांशी रोज हिंदी बोलणारी मी, मलाही शंका आली नव्हती. पण चिडले ते आईवर. "काऊन नीट आयकलं नाई तू? मेली असती ना मी!" आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

त्या संध्याकाळपासून गोळी निम्मी झाली आणि माझ्या भीतीने बाजू बदलली. आता काळजी किडनीची. शरीर जागं होऊन तिच्यावरच उठलं तर? लघवी कमी तर होत नाही ना, हे मी प्रत्येक वेळी बघायची. पोट दाबून बघायची, आणि दाबल्यावर दुखणारच, हे कळत असूनही घाबरायची. आई माझ्या चेहऱ्याकडे बघायची आणि विचारायचं टाळायची.

आठवड्याने रक्ताचा रिपोर्ट आला. किडनी शाबूत होती. फोडांवर खपल्या धरल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, अजून काही दिवस एकच गोळी ठेवा, मग बघू.

मी धावतच स्वयंपाकघरात सांगायला गेले. आईने डोळे मिटून हात जोडले. मग हात पुसून फळीवरचा डबा काढला आणि माझ्यापुढे धरला. "आता तूच घेत जाय, बाई. माह्या कानाचा भरोसा नाई राह्यला."

असू दे तुझ्याकडेच, एवढंच म्हणायचं होतं. ओठांपर्यंत आलंही होतं. पण मी अजून घाबरलेली होते. मी डबा घेतला, तिच्यासमोरच उघडला आणि आतल्या गोळ्या मोजल्या.