बीरगांवच्या सुपातला लिलाव

रायपूर स्टेशनवर उतरलो तेव्हा सकाळचे साडेसात झाले होते, आणि माझे दोन्ही हात एकाच पेटीत गुंतले होते. पेटीत शिलाई मशीन होतं. हाताने फिरवायचं, काळं, जुन्या घडणीचं, सोन्याची नक्षी पुसत आलेलं. नाशिकरोडपासून ते माझ्या बर्थखाली होतं. समोरचे गृहस्थ दर दोन-तीन तासांनी त्यावर पाय आपटून "भाईसाहब, ये लोहा कहाँ तक जाएगा?" असं विचारत आले होते. रायपूरला आम्ही दोघेही सुटलो.

फलाटावर सुधाकर उभा होता. सुधाकर म्हणजे माझ्या पत्नीचा, सुलभाचा, धाकटा भाऊ. रेल्वेतून निवृत्त होऊन इथेच राहतो. त्याचे वडील नागपूरहून रेल्वेच्या नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले.

"भाऊजी, हे एवढं एकटे घेऊन आले तुम्ही? कुली काहून नाही केला?"

"दोघांनी उचलायला मागितलं. मी दिलं नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पेटीची एक कडी धरली. दुसरी माझ्या हातात राहिली. जिन्यावरून आम्ही दोघे ती पेटी तिरपी धरून उतरलो.

सुलभा मार्चमध्ये गेली. शेवटच्या आठवड्यात तिने मला एकच काम सांगितलं: "मशीन बीरगांवच्या मंडळीत द्या. कापणीच्या सणाला. पार्सल करू नका, स्वतः घेऊन जा." आम्ही ख्रिस्ती. मंडळी म्हणजे चर्चची माणसं. लग्नाआधी सुलभा बीरगांवच्या कामगारवस्तीत दर रविवारी मुलांना शिकवायला जायची. तेव्हा तिथे चर्चची इमारत नव्हती, कडुलिंबाच्या झाडाखाली उपासना व्हायची. धान घरात आलं की तिथे कापणीचा सण होतो. लोक आपल्या पिकातलं, परसातलं काहीतरी आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो, एवढं मला ऐकून माहीत होतं. लिलाव म्हणजे काय हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. चौतीस वर्षं मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं आहे.

शनिवार मोकळा होता. सकाळी सुधाकरच्या घरी फरा (तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या लांब वळकट्या, वर तिळाची फोडणी) खाल्ला आणि तो मला गाडीतून नवा रायपूर दाखवायला घेऊन गेला. सरकारी इमारती, दुतर्फा नीट लावलेली झाडं, आणि इतके रुंद रस्ते की पलीकडचा माणूस ओळखू येऊ नये. पण पलीकडे माणूसच नव्हता. एका थांब्यावर एक बाई छत्री उघडून बसची वाट पाहत होती. तासाभराने आम्ही परत आलो तेव्हाही ती तिथेच होती.

"रस्ते आधी आले," सुधाकर म्हणाला, "मानसं मागून येऊन राहिले."

रविवारी बीरगांवला निघालो. शहर मागे पडलं तसा आकाशाचा रंग बदलला. सिलतराच्या बाजूला कारखान्यांच्या चिमण्या दिसू लागल्या. तिथे लोखंड तयार होतं, भंगारही वितळतं. रस्त्याकडेच्या झाडांची पानं वरून काळी आणि खालून हिरवी होती. पेटी माझ्या मांडीवर होती. सुधाकरने ती मागे ठेवायला दोनदा सांगितलं होतं.

चर्च म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेली एक लांब खोली. दारात भाताच्या लोंब्यांचं तोरण. वेदीपुढे कोहळे, दुधीभोपळे, अंडी, नव्या तांदळाच्या पिशव्या आणि पाय बांधलेला एक कोंबडा. कोंबडा मधूनमधून गाण्यात भाग घेत होता. मशीनची पेटी त्यांच्या शेजारी ठेवली.

पास्टर तरुण होते. त्यांनी येशूने सांगितलेला मळ्याच्या मालकाचा दाखला घेतला. हा मालक पहाटे मजूर लावतो, दुपारी लावतो, दिवस मावळायच्या तासभर आधीही लावतो, आणि शेवटी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. समोर बसलेले बहुतेक जण रोज सकाळी मजूर अड्ड्यावर ठेकेदाराची वाट पाहणारे. पास्टरांनी हिंदीत विचारलं, "शाम के पाँच बजे तक चौक पर कौन खड़ा रहता है?"

मागून एका बाईचा आवाज आला, "जेला कोनो नइ लेगय, तेहा." (ज्याला कुणीच नेत नाही, तो.)

या दाखल्यावरून सुलभाचं आणि माझं आयुष्यभर भांडण होतं. मी म्हणायचो, असा मालक असेल तर दुसऱ्या दिवशी पाचच्या आधी कामावर कोण येईल? दातात दोरा धरून ती म्हणायची, "पण पाचला आलेल्याचंही पोट सकाळपासूनच रिकामं असतं." मी तिला प्रेरणा, उत्पादकता वगैरे सांगायचो. ती मशीन फिरवायची. त्या आवाजात माझा पुढचा मुद्दा ऐकू जायचा नाही, आणि ते तिला ठाऊक असायचं.

उपासना संपली आणि लिलाव सुरू झाला. तो चालवत होत्या प्रेमा दीदी. उंच, करड्या केसांच्या, एका हातात स्टीलची थाळी, दुसऱ्यात पळी. पुढे बायकांची गर्दी होती आणि मी मागे पुरुषांत बसलेलो. मला पाठी दिसत होत्या आणि "दस! दस! मोरो दस!" (माझेही दहा!) असा गलका ऐकू येत होता. थाळी तीनदा वाजली की वस्तू कुणाची तरी व्हायची. दहा-दहा रुपयांनी बोली चढते आहे, असं मी गृहीत धरलं. एक दुधीभोपळा इतका वेळ चालला की मी मनातल्या मनात बेरीज करून थक्क झालो.

सगळ्यात शेवटी मशीन आलं. "सुलभा दीदी के मसीन," असं प्रेमा दीदी म्हणाल्या आणि पेटीचं झाकण काढलं. एक म्हातारी काठी टेकत पुढे आली. तिने मशीनच्या चाकावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ए मसीन मं मोर बिहाव के पोलखा सिलाय रिहिस." म्हणजे तिच्या लग्नातला पोलका याच मशीनवर शिवला होता. मला हे माहीत नव्हतं. चाळीस वर्षं ते यंत्र माझ्या घरात होतं आणि त्याच्या आधीच्या आयुष्यातला एक पोलकाही मला माहीत नव्हता.

मग तिशीतला एक माणूस उठला. नखांत काजळी, बोटांवर भाजल्याचे डाग. त्याने मशीन थोडं उचलून पाहिलं आणि शेजाऱ्याला विचारलं, "कतका वजन होही?" (किती वजन असेल?)

"तो मनोज," सुधाकर हळूच म्हणाला. "सिलतराले भट्टीवर हाय."

भट्टीवरचा माणूस वजन विचारतो आहे. हे मशीन वितळणार. दहा-दहाने ते आता त्याच्याकडे सरकणार आणि सुलभाचे तळवे लागून गुळगुळीत झालेली ती मूठ भंगाराच्या ढिगात पडणार. तिचा शब्द पाळायला मी आलो होतो. त्या क्षणी मला तो मोडायचा होता. ते परत घरी न्यायचं होतं.

"दो हज़ार!" मी उभा राहून म्हणालो.

एकदम हशा पिकला. गर्दी दुभंगली आणि मला पहिल्यांदा ते सूप दिसलं. पाखडायचं साधं बांबूचं सूप, दहाच्या नोटांनी भरलेलं. प्रेमा दीदींनी ते माझ्यापुढे धरलं. मी पाचशेच्या चार नोटा टाकल्या आणि पेटीकडे हात नेला.

तेवढ्यात त्या म्हातारीने कनवटीची दहाची नोट काढून सुपात टाकली. मशीन तिच्याकडे सरकलं.

"अहो, पण मी दोन हजार दिले!"

"हव बबा, तैं दे हस," प्रेमा दीदी शांतपणे म्हणाल्या. "अब ओकर पारी हे." (हो बाबा, तुम्ही दिलेत. आता तिची पाळी.)

मग मला कळलं. इथे बोली चढतच नव्हती. प्रत्येक जण जे टाकतो ते सुपातच राहतं, वस्तू मिळो न मिळो. थाळी तिसऱ्यांदा वाजण्याआधी शेवटची नोट ज्याची, त्याची वस्तू. जास्त देणाऱ्याला जास्त हक्क नाही. सूप गरजूंसाठी. माझ्या दोन हजारांनी मला तेवढंच मिळालं होतं जेवढं म्हातारीला दहांनी: एक पाळी.

थाळी एकदा वाजली. माझ्या खिशात आणखी रोकड नव्हती. मी मोबाईल दाखवला. "मोबाइल सूपा मं नइ गिरय," कुणीतरी म्हणालं आणि पुन्हा हशा. मी सुधाकरकडे वळलो.

"दहा रुपये दे."

"नाही देत."

"नाहीत तुझ्याकडे?"

"हाय न. पण देत नाही."

"सुधाकर, काहून?" माझ्याही तोंडून आता त्याचाच वऱ्हाडी शब्द गेला.

त्याने माझ्या दंडाला धरून मला खाली बसवलं. "ताईनं फोनवर सांगून ठेवलं होतं. म्हणे, तुझे भाऊजी मशीन घेऊन येतील. देतील. अन् मग त्यायले परत पाहिजेन. तेव्हा त्यायले घेऊ देऊ नको."

ती मला ओळखत होती. मी घेतलेलं पुस्तक परत करत नाही हेही ती लोकांना सांगायची. पुढे "दस, दस" चालूच होतं. मनोजने नोट टाकली, थाळी दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा वाजली, आणि मशीन त्याचं झालं.

जेवण बाहेर पंगतीत होतं. भात, डाळ, कोंबडीचा रस्सा आणि जिमीकांद्याची (सुरणाची) आंबट भाजी. मी पत्रावळ तशीच ठेवून मनोजकडे गेलो आणि हिंदीत म्हणालो की मशीनचे मी पाच हजार देतो, मागाहून पाठवतो, पण ते भंगारात घालू नका.

तो आधी बुचकळ्यात पडला. मग एवढ्या मोठ्याने हसला की त्याची बायको वाढता वाढता थांबली.

"पुष्पा, सुन! बबा समझिस मैं एला भट्टी मं डारहूँ!" आणि मला हिंदीत: "अरे चाचा, भट्टी में दिनभर लोहा ही तो देखता हूँ. वज़न इसलिए पूछा कि साइकिल पर जाएगा कि नहीं."

पुष्पा पळी हातात घेऊनच आली. ती ठेकेदाराकडून कापड आणून परकर शिवते, नगामागे पैसे मिळतात. पायाने चालवायचा स्टँड तिच्या घरी आहे, पण वरचं मशीन झिजून बाद झालेलं. दिवाळीपासून ठेकेदाराचंच मशीन भाड्याने आणलं होतं, आणि भाडं तो मजुरीतूनच कापून घ्यायचा.

"अब ओकर मसीन ओला वापस," (आता त्याचं मशीन त्याला परत) ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी वर्गात "उत्पादनाच्या साधनांची मालकी" या शब्दांत शिकवत आलो होतो. शब्द बरोबर होते. चेहरा मात्र मी पाहिलेला नव्हता.

पत्रावळीकडे परत आलो आणि जेवलो. दोनदा भात घेतला. सुरणाने घशाला थोडी खाज सुटली, डोळ्यांत पाणी आलं, आणि सुधाकरने समजूतदारपणे ते सुरणाच्याच खात्यावर टाकलं.

सोमवारी परतीच्या गाडीला जाताना आम्ही वाट वाकडी करून बीरगांवच्या वळणावरच्या मजूर अड्ड्यावरून गेलो. कालचे दोन-तीन चेहरे तिथे उभे होते. ठेकेदार बोटाने माणसं निवडत होता. बाजार जसा होता तसाच होता, आणि एका सुपाने तो बदलतो असं मी कुणाला सांगणार नाही. पण जास्त देणाऱ्याला वस्तू मिळते हा नियम सृष्टीचा नाही, माणसांनी ठरवलेला आहे, आणि कुठे कुठे त्यांनी वेगळंही ठरवलं आहे. हे सुलभाला माझ्या आधी ठाऊक होतं. आठ महिन्यांत पहिल्यांदा मी गाडीत गाढ झोपलो, तेही भर दुपारी.

घरी येऊन पंधरा दिवस झाल्यावर फोन आला. पुष्पा. नंबर सुधाकरने दिलेला.

"बबा, टाँका छोड़त हे." मशीन टाके सोडत होतं.

मला शिवणातलं काही कळत नाही, असं सांगणार होतो. पण तोंडून निघालं, "सुई उलटी बसली असेल. काढा, अर्धी फिरवा आणि पुन्हा लावा." चाळीस वर्षं मी त्या मशीनशेजारी बसून वाचत होतो आणि सुलभा स्वतःशी पुटपुटत सुई बदलत होती. मी ऐकत होतो, हे मलाच माहीत नव्हतं.

पलीकडे खुडबुड झाली. मग मशीन सुरू झालं. आधी अडखळत, मग सलग. आमच्याकडे ते हाताने चालायचं. इतक्या वेगात मी ते कधी ऐकलं नव्हतं.

"बन गे बबा," पुष्पा ओरडून म्हणाली. "अब रखथँव, अब्बड़ काम परे हे." (आता ठेवते, खूप काम पडलंय.)

तिने फोन ठेवला, आणि तिचं बरोबरच होतं.