एका कानाचं मशीन

बाबांचे कान कारखान्यात गेले. भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी बनतात, तिथे त्यांनी एकतीस वर्षं प्रेसवर काढली. दिवसभर पत्र्यावर ठोके. रिटायर झाले तेव्हा उजवा कान जवळजवळ गेला होता, डाव्यात थोडी धुगधुगी होती. आई त्यांच्या डाव्या बाजूला बसून जरा मोठ्याने बोलायची आणि ते तिच्या ओठांकडे बघत राहायचे. आम्हा तिघांचं घर तसं नीट चाललं होतं.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी त्यांना भाईंदर पश्चिमेच्या एका दुकानात घेऊन गेले. दुकानातल्या बाईंनी दोन्ही कानांना ट्रायलचं ऐकण्याचं मशीन लावून दिलं. बाबा वर बघत म्हणाले, “हा पंखा एवढा आवाज करतो?”

आईला राहवलं नाही. “अहो, माझं ऐकू येतंय?”

“येतंय. ओरडू नकोस.”

आई तोंडावर पदर धरून हसत होती.

दोन कानांचे मिळून ऐंशी हजार होत होते. मी म्हटलं, दिवाळीला बोनस आला की घेऊ. रिक्षात आई म्हणाली, “आत्ता एकच घे ना. दुसरं मागाहून बघू.” मी तिलाच समजावलं, की घ्यायची तर जोडी घ्यावी, आठ-नऊ महिन्यांनी काय बिघडणार आहे? बाबा बाहेर बघत होते. त्यांना आमचं बोलणं कळलं नव्हतं.

दिवाळीनंतर गेले तर तीच जोडी चौऱ्याण्णव हजारांवर गेली होती. मी वाद घातला. बाई शांतपणे म्हणाल्या, “मॅडम, माल बाहर से आता है. डॉलर चढला की आम्हालाच महाग पडतं. आणि आता जहाजं लांबून फिरून येतायत, त्याचं भाडं वेगळं.” तिकडे कुठेतरी समुद्रात लढाई चाललीय, हे मी बातम्यांत बघितलं होतं. तिचा संबंध बाबांच्या कानाशी येईल असं कधी वाटलं नव्हतं. रुपया सावरेल, नवीन वर्षात बघू, असं म्हणून मी परत आले. मग रोज सकाळी ऑफिसला निघताना मोबाईलवर डॉलरचा भाव बघायची. तो काही खाली येत नव्हता.

जानेवारीत आईचे डोळे पिवळे झाले. आम्ही कावीळ समजलो. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. कॅन्सर होता, पुढे गेलेला. काही महिने, असं ते म्हणाले.

त्याच आठवड्यात मी एका कानाच्या मशीनचे पैसे भरले. जोडीचा विषयच संपला होता. “आठ दिवसांत येईल,” बाई म्हणाल्या. आठाचे पंधरा झाले, पंधराचे तीस. मी रोज फोन करायची. माल जहाजात आहे, माल बंदरात आहे, पेपर अडकलेत. एकदा मी त्यांच्यावर ओरडले. त्या म्हणाल्या, “मेरे हाथ में होता तो आज दे देती.” ट्रायलचं मशीन तरी द्या म्हटलं, तर तेही बिघडून कंपनीकडे गेलं होतं आणि त्याचा पार्टही बाहेरूनच यायचा होता.

आईचा आवाज आधी गेला. नुसती कुजबुज उरली. कवळी बसेना म्हणून तोंड आत गेलं, आणि ज्या ओठांवरून बाबा तिचं बोलणं ओळखायचे ते ओळखू येईनात. ते तिच्या तोंडाशी कान नेऊन विचारायचे, “काय म्हणतेस?” मग ती मला सांगायची आणि मी ते ओरडून बाबांना सांगायची. पाणी हवंय. कूस बदलायचीय. एवढंच ती माझ्याकरवी बोलायची.

एका दुपारी मी स्वयंपाकघरात होते. दारातून दिसलं, आई बाबांचा हात धरून बराच वेळ काहीतरी बोलतेय आणि बाबा मान हलवतायत. ती झोपल्यावर मी त्यांना खुणेने विचारलं.

“कळलं नाही गं काही,” ते म्हणाले. “पण थांबवावंसं वाटेना.”

चार दिवसांनी ती गेली.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी दुकानातून फोन आला. भाव पुन्हा वाढला होता, पण बाईंनी वरचे पैसे मागितले नाहीत. आईचं कळल्यावर त्यांनी मशीन नीट पुसून बाबांच्या कानात बसवून दिलं.

बाबा ते दूध आणायला जाताना घालतात. घरी आले की काढून डबीत ठेवतात. त्याचे सेलही बाहेरूनच येतात आणि दर पाकिटामागे थोडे थोडे महागतायत. मी म्हणते, “बाबा, वापरा हो, सेलचं मी बघते.” ते म्हणतात, “तू ऑफिसातून आलीस की घालतो.” घालतातही. मग आम्ही दोघं जेवतो, आणि बोलायला फारसं काही नसतं.

मागच्या महिन्यात जेवता जेवता त्यांनी विचारलं, “त्या दुपारी तू आतच होतीस ना? तुला काही ऐकू आलं असेल.”

“मिक्सर चालू होता, बाबा,” मी म्हटलं.

खरंच चालू होता. तिच्यासाठीच पेज वाटत होते. त्यांनी ताटातला भात कालवला आणि पुन्हा कधी विचारलं नाही.