सुलीची करवली

"खाली ठेव."

सुलभाची आत्या एवढंच बोलली. भर मांडवात.

मी सुलभाच्या मागे उभी होते. हातात करा. पाण्यानं भरलेला पितळी करा, तोंडाशी आंब्याची पानं, वर नारळ. नवरीच्या मागे करा धरून उभी राहते ती करवली. बहुतेक नवरीची बहीणच असते. अंतरपाट धरायची वेळ झाली होती, अक्षता वाटून झाल्या होत्या.

मला वाटलं, आत्याला नारळ नीट बसवायचा असेल. मी करा पुढे केला. आत्या लुगडं सावरत मागे सरली.

"माझ्या हातात नको. खाली ठेव, जमिनीवर."

ठेवला. आत्यानं सुनेला हाक मारली. सुनेनं तो बोटांच्या टोकांनी उचलला. मांडवाच्या कडेला नेऊन पाणी केळीच्या बुंध्यात ओतलं. करा चिंचेनं घासला, विहिरीचं ताजं पाणी भरलं, दुसरा नारळ ठेवला. सगळं लग्न थांबून बघत होतं. भटजी मनगटावरचं घड्याळ बघत होते. मग तो करा सुलभाच्या मामेबहिणीकडे गेला. लहान पोर ती. तिला पेलवत नव्हता, पाणी तिच्या परकरावर सांडत होतं. तरी चालत होतं. माझे हात नकोत, एवढंच.

मला कुणी 'जा' म्हणालं नाही. मला उभं राहायला जागाच ठेवली नाही.

सुलभानं मान वर केली नाही.

आणि बाहेर सनई वाजत होती. माझे बाबा वाजवत होते. मांडवाला त्या बाजूनं झावळ्यांचे झाप लावले नव्हते, त्यांना सगळं दिसत होतं. सनई थांबली नाही. सूर जरासुद्धा हलला नाही.

अपमान आत्यानं केला. पण मला कापलं ते त्या सनईनं.

ऐंशी सालची, म्हणजे चार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. मी तेव्हाही जव्हारकडे एका शाळेत मास्तरीण होते. मे महिन्याच्या सुट्टीत एसटी बदलत बदलत गावी यायची. आगाशीला उतरायचं, मग पायी. आधी केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या लागतात, त्यांतून गार वारा येतो. मग वाड्या संपतात आणि खाजण, खाऱ्या पाण्याची दलदल, सुरू होतं. त्या खाजणाच्या कडेला आमची आळी. वाडीवाल्यांची घरं आत, सावलीत. आमची बाहेर, उन्हात. आमच्या विहिरीचं पाणी खारट. गोड्या पाण्याची विहीर तात्यांच्या वाडीच्या तोंडाशी. तात्या म्हणजे सुलभाचे वडील.

सुलभा आणि मी एका शाळेत, एका वर्गात. आगाशीच्या शाळेत जाताना वाटेत ती पेरू तोडायची आणि अर्धा मला द्यायची, स्वतः चावून. तिच्या घरी मात्र मी ओटीच्या पायरीपर्यंतच. त्या वयात मला त्यात काही वाटायचं नाही. पायरी म्हणजे आपली बसायची जागा, असंच डोक्यात होतं.

पुढं मी शिकले, नोकरीला लागले. नोकरी लागली की माणूस बदलतो असं मला वाटत होतं. म्हणजे आपल्याकडे बघणारी माणसं बदलतात, असं.

त्या सुट्टीत आल्यावर दुसऱ्याच दिवशी सुलभा आमच्या आळीत आली. हळदीच्या बोटांची पत्रिका घेऊन. आमच्या दारात उभी राहून म्हणाली,

"मला बहीण नाही. माझी करवली तू."

"घरी विचारलंस?"

"तात्या हो म्हणाले. आता ते दिवस राहिलेत का?"

ती गेल्यावर आई म्हणाली, "जाऊ नको." एवढंच. आई जास्त बोलत नसे.

बाबा मात्र हरखले. लग्नाची सनई त्यांच्याकडेच होती. आमच्यातल्या बऱ्याच घरांनी वाजवणं सोडलं होतं. बाबांना सोडवत नव्हतं. संध्याकाळी ओट्यावर बसून सनईला तेल लावत ते म्हणाले, "मी भायेर वाजवीन, तू आत उभी ऱ्हा. असा कधी झाला नाय आपल्या घरात." रात्रभर मला ते वाक्य पुरलं. मी वसईहून नवी साडी आणली. मोरपंखी. आईनं ती घडी न मोडता परत पिशवीत घातली.

तर त्या साडीत मी मांडवातून बाहेर आले.

वाजंत्र्यांना गोठ्याशेजारी गोणपाट अंथरून दिलं होतं. बाबा, माझा थोरला भाऊ अनंता ढोलावर, आणि संबळ वाजवणारे काशाकाका. मी जाऊन बाबांच्या समोर उभी राहिले.

"बाबा, थांबा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. गाल फुगलेले, कपाळावर घाम. बघितलं आणि वाजवत राहिले. आत मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, ढोल कडाडला. लोक टाळ्या वाजवत होते. मी तिथंच उभी. सगळं झाल्यावर सनई मांडीवर ठेवून ते म्हणाले, "शुभकार्यात मोडता घालू नये. घरी जा तू."

मी गेले नाही.

थोड्या वेळानं तात्या आले. तात्या वाईट माणूस नव्हता. हेच तर अवघड. हळू आवाजात म्हणाले, "पोरी, मनाला लावून घेऊ नको. आमची ताई जुन्या वळणाची. आता लग्नात तमाशा कशाला? तुझं पान इकडंच वाढायला सांगितलंय. तुझ्या माणसांबरोबर."

"तात्या, मला सुलभानं बोलावलंय. तिला विचारते."

मी आत गेले. सुलभा पाटावर बसली होती, बायका ओटी भरत होत्या. मी तिच्या कानाशी वाकले.

"सुली, तू काय म्हणतेस?"

तिचे डोळे भरले. खरंच भरले. पण ती म्हणाली, "आज नको गं. आजच्या दिवस जाऊ दे."

आजच्या दिवस. माझी आजी याच वाडीत राबली आणि आजच्या दिवस जाऊ दे म्हणत मेली. आई तेच म्हणत म्हातारी झाली. आमच्या आळीतल्या प्रत्येक घरात हे वाक्य दररोज शिजतं. पण ते मला सुलभानं सांगावं? पेरूचा अर्धा तुकडा देणाऱ्या सुलभानं?

मी परत गोठ्याकडे आले तेव्हा पानं मांडली होती. शेणाच्या वासात. वाढपी वरून वाढत होता, हात पानाच्या जवळ येऊ नये म्हणून. भात पडताना उडत होता, वरण मातीत ओघळत होतं. मांडवात पंगत बसली होती, तिथून आग्रहाचे आवाज येत होते. माझं पान बाबांच्या शेजारी.

"बस," बाबा म्हणाले.

"मी नाय जेवनार. तुम्हीपन उठा."

जीभ आपोआप घरच्या बोलीवर आली.

"उपाशी पोटी वरात कशी वाजवनार?"

"वरात वाजवू नका."

काशाकाकांचा घास हातातच राहिला. अनंता माझ्याकडे बघत होता.

बाबा चिडले नाहीत. समजावल्यासारखं बोलले. "तू सुट्टी संपली का जाशील, बाय. आमाला इथंच ऱ्हायचाय. पानी त्यांच्या वाटेवरचा, जळन त्यांच्या वाडीतला. काशाला काम त्यांच्याकडं. हे सगला तुज्या शाळेत नाय शिकवत."

"तुम्ही बघितलं ना? माझ्या हातातलं काढून घेताना?"

त्यांनी भात कालवायला घेतला.

"बघितलं की नाही, सांगा."

"बगितला." मग पानाकडे बघत म्हणाले, "मग डोळे मिटून वाजवला."

मला काहीतरी मोठं बोलायचं होतं. मी खाली बसले. माझं पान, त्यावरचा भात, जिलबी, सगळं तसंच, मधोमध दुमडलं. वाढप्यासमोर. मग उभी राहिले.

अनंतानं त्याचं पान दुमडलं. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, बाबांकडे बघत दुमडलं. काशाकाका बराच वेळ भाताकडे बघत बसले. त्यांच्या घरी खाणारी तोंडं खूप. शेवटी त्यांनीही दुमडलं.

बाबा एकटे जेवत राहिले. दोन घास, तीन घास. मग घास गिळेना. ते उठले. मला पटलं म्हणून उठले नाहीत ते. ढोल-संबळावाचून एकटी सनई काय करणार, म्हणून उठले.

आम्ही निघालो. मागच्या वाटेनं जायची आमची रीत. मी मांडवातून गेले. पंगतीच्या मधून, मोरपंखी साडीत. अनंता ढोल घेऊन माझ्या मागे. आत्या ओरडली, "अगो, पंगत बाटवली!" तात्यांनी हाक मारली, "बिदागी तरी घेऊन जा." कुणी वळलं नाही. बाबा मात्र मागच्याच वाटेनं गेले.

संध्याकाळी वरात निघाली ती लाऊडस्पीकरवर. सिनेमाची गाणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई हंडा घेऊन गेली आणि रिकामी आली. वाडीच्या वाटेवर बाभळीची काटेरी झुडपं टाकली होती. विहिरीकडे जायचं तर आता बांधावरून मोठा वळसा. काशाकाकांना निरोप आला, उद्यापासून येऊ नको. त्यांची बायको आमच्या दारात येऊन मला शिव्या देऊन गेली. मी ऐकून घेतल्या. आई म्हणाली, "मी तुला जाऊ नको म्हनली होती." बाबांनी सनई फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली आणि माझ्याशी बोलणं सोडलं.

सुट्टी संपली. निघायच्या दिवशी ते आगाशीपर्यंत माझी पिशवी घेऊन आले. एसटी आली, मी चढले, त्यांनी खिडकीतून पिशवी आत दिली. मग विचारलं,

"आता मी कुनासाठी वाजवू?"

एसटी सुटली. मी माझा मान राखला आणि त्यांचं वाजवणं गेलं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. पण वाजवणं मी नाही हिरावलं. ते कुणी हिरावलं, हे मी त्या एसटीत बसून नीट ठरवलं. तोवर मी आईवर चिडत होते, बाबांवर चिडत होते, स्वतःवर चिडत होते. आमचंच आमच्यावर. त्या प्रवासात ते संपलं.

दोन वर्षांनी शेजारच्या गावचा एक माणूस सनई ठरवायला आला. मी घरात होते. बाबांनी त्याला एकच विचारलं. "जेवाया कुठं बसवनार?" माणूस हसला, त्याला थट्टा वाटली. बाबा हसले नाहीत. तो उठून गेला. त्या महिन्यात आमच्याकडे तेल संपलं तर आईनं तेलाशिवाय रांधलं.

गेल्या मे महिन्यात सुलभा माहेरी आली होती. कडेवर बाळ. आळीच्या तोंडाशी उभी राहून तिनं मला हाक मारली.

"अजून रागावलीस?"

"नाही. घरात ये. चटईवर बस. आमच्याकडचा चहा घे. मग बोलू."

तिनं मागे वाडीकडे बघितलं. बाळाचं टोपरं सारखं केलं. "आज घाई आहे गं," म्हणाली आणि गेली. मी तिला थांबवलं नाही. तिच्या पाठीमागे गेले नाही.

माझे आईबाप इथं आहेत, माझी मैत्रीण इथं होती. हे गाव माझं आहे आणि मी दर सुट्टीत येणार. काटे टाकले तर बांधावरून येणार, बांध फोडला तर चिखलातून येणार. वाडीच्या वाटेसाठी ग्रामपंचायतीत उभी राहणार, अनंताला उभा करणार, काशाकाकांच्या शिव्या देणाऱ्या बायकोलाही उभी करणार. पण कुणाच्या घरात कुणाच्या मेहरबानीनं पाऊल टाकणार नाही. मला बोलवायचं तर माझ्या बापासकट बोलवा, आणि त्याला आत बसवा. ते जमत नसेल तर तुमचे मांडव तुम्हाला लखलाभ. आम्हाला त्यांची गरज नाही.