पाय टेकण्यापुरती सीट

माझी धाकटी मावशी चार फूट आठ इंच उंच आहे. ती स्वतः चार फूट नऊ सांगते, आणि त्या एका इंचासाठी तिच्याशी वाद घालायची हिंमत आमच्या घरात कुणी केलेली नाही.

छोट्या मोटरसायकलींच्या सीट शिवणं हे तिचं काम. फाटलेलं रेक्झिन उचकटायचं, आतला पिचलेला फोम काढायचा, नवा कापून बसवायचा, वरून कव्हर ताणायचं आणि खालून पिना मारायच्या. एकाच वर्कशॉपमध्ये तिने हे एकवीस वर्षं केलं. तिथल्या मालकांना सगळे वस्ताद म्हणतात. या बाईने शिवलेल्या सीटवर अर्धं शहर बसून फिरतं, असं वस्ताद येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. ते खरंही होतं. फक्त मावशी स्वतः एकाही गाडीवर हँडल धरून कधी बसली नव्हती. गरजच पडली नव्हती. वर्कशॉप घरापासून पाच मिनिटांवर होतं, आणि लांब जायचं तर बस होती. नवराच बसचा ड्रायव्हर.

गरज पडली ती आजीमुळे. आजी, म्हणजे मावशीची आणि माझ्या आईची आई, शहराच्या वरच्या अंगाला टेकडीवर दोन खोल्यांत एकटी राहते. तिला काचबिंदू झाला. डॉक्टरांनी सांगितलं की सकाळी सात आणि संध्याकाळी सात, दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, आणि हे कायमचं. एकदा गेलेली नजर या दुखण्यात परत येत नाही. थेंब फक्त उरलेली सांभाळतात. आता आजीचे हात थरथरतात. तिने स्वतः घातलेला थेंब कधी गालावर पडायचा, कधी कानात. म्हणून मावशीने ते काम स्वतःकडे घेतलं. माझी आई दुसऱ्या शहरात, त्यामुळे दुसरं कुणी नव्हतंच.

सुरुवातीला बस होती तोवर जमलं. मग टेकडीच्या रस्त्याला भेगा पडल्या आणि तिथली बस बंद झाली. मावशी पायी जायला लागली. जाताना पन्नास मिनिटं सगळा चढ, येताना चाळीस मिनिटं. हे सकाळी एकदा आणि दिवसभर सीट शिवून झाल्यावर संध्याकाळी पुन्हा. तिने आजीला आपल्या घरी यायला सांगून पाहिलं. आजीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "इथे मला डोळे मिटून साखरेचा डबा सापडतो. तुझ्या घरी डोळे उघडे ठेवूनही सापडणार नाही." त्यानंतर मावशीने तो विषय काढला नाही.

चार महिन्यांनी तपासणी झाली. डॉक्टरांनी आजीच्या नजरेचा नकाशा समोर ठेवला. कडेचा काळा भाग वाढला होता. संध्याकाळचे थेंब वेळेवर पडतात का, असं त्यांनी विचारलं. मावशीने खरं ते सांगितलं. कधी आठ वाजायचे, कधी नऊ, आणि गुडघा सुजला त्या आठवड्यात दोन संध्याकाळी ती गेलीच नव्हती. डॉक्टर रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं मावशी नंतर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने वस्तादांना सांगितलं की मला गाडी हवी आहे.

वर्कशॉपच्या मागे बॅटरीवर चालणाऱ्या चार छोट्या मोटरसायकली उभ्या होत्या. घरपोच सामान देणाऱ्या एका कंपनीने त्या जुन्या झाल्या म्हणून काढल्या होत्या. त्यांना गिअर नाही, क्लच नाही, दोन्ही ब्रेक हातात. वस्तादांनी त्यातली बरी बघून एक बाजूला काढली, बॅटरी तपासली, चार्जिंगला लावली. मावशी तिच्यावर चढून बसली आणि दोन्ही पाय हवेत लोंबकळले. वस्ताद गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "बाई, गाडी चांगली आहे. पण तुम्ही अजून वरच आहात."

घरी काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्याने, सरळ नाही म्हटलं. ते तसे बोलायला कमी. पण सव्वीस वर्षं बसच्या काचेमागे बसून त्यांनी दुचाकीवाले कसकसे पडतात ते पाहिलं होतं, आणि त्या दिवशी त्यांनी एकेक प्रसंग सांगायला घेतला. मावशीने भांडी घासता घासता सगळे ऐकले. शेवटी ते म्हणाले, "आणि तुझे पाय तर जमिनीवर राहतच नाहीत."

"लग्नानंतर तुमच्या आई हेच म्हणायच्या," मावशी म्हणाली. "जमिनीची सोय मी करते. तुम्ही रस्ता शिकवा."



जमिनीची सोय म्हणजे सीट. गाडीची सीट जमिनीपासून एकतीस इंच होती, आणि मावशीचा पाय आतल्या बाजूने मोजला तर साडेपंचवीस. सीटखालीच बॅटरीची पेटी असल्यामुळे फार खाली जायला वाव नव्हता. मावशीने चार इंचांच्या फोममधले अडीच इंच छाटले. पाय तरी लोंबतच राहिले. मग तिच्या लक्षात आलं की उंचीपेक्षा रुंदी नडते आहे, मांड्या फाकल्या की पाय तेवढे आखूड होतात. तिने सीटचा पुढचा भाग दोन्ही बाजूंनी तासला. आता अंगठे टेकले, पण दहा मिनिटांत बसवेना, कारण फोम उरलाच नव्हता आणि खालची फळी लागायची. तिने जास्त घट्ट फोम आणला. तो टोचायला लागला. मग खाली घट्ट आणि वर मऊ असे दोन थर चिकटवून पाहिले, तर ब्रेक मारला की ती पुढे घसरायची. प्रत्येक सीटवर ती खडूने आकडा टाकून भिंतीशी उभी करायची. सातवी सीट बसली. चपलाही बदलल्या. चांभाराकडून इंचभर जाड तळव्याचे बूट करून घेतले. एवढं होऊनही दोन्ही पायांचे फक्त चवडे टेकत. एक पाय पूर्ण टेकवायचा तर कंबर थोडी डावीकडे सरकवावी लागे.

ते सरकणं काकांनी शिकवलं. रविवारी बसडेपोच्या मागचं पटांगण रिकामं असतं. पहिल्या रविवारी काका हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभे राहिले. मी त्या महिन्यात सुट्टीला आले होते, म्हणून हे माझ्या डोळ्यांदेखत झालं. मावशी गाडी सुरू करायची, चार हात जायची, थांबायची आणि उजवीकडे कलंडायची. गाडी आडवी, मावशी तिच्या बाजूला. असं सहा वेळा झालं. सातव्यांदा ती गाडी उचलायला वाकली तेव्हा काका भिंतीपासून निघाले, दुसऱ्या बाजूने गाडी धरली आणि म्हणाले की तू थांबल्यावर सरकतेस, थांबायच्या आधी सरक. बस स्टॉपला लावायची तर आम्ही स्टॉप आल्यावर विचार करत नाही, मागच्या वळणावरच करतो.

त्यानंतरचे पाच रविवार त्या दोघांनी फक्त थांबण्याचा सराव केला. चालवायला कुणीही शिकतं, असं काकांचं म्हणणं होतं.

लायसन्सच्या परीक्षेला मावशी पहिल्यांदा गेली तेव्हा तिने आठच्या आकड्यातून गाडी नीट फिरवली. शेवटच्या रेषेवर थांबताना मात्र घाबरली, सरकायला उशीर झाला आणि गाडी कलली. तिने ती सावरली, पण परीक्षकांनी वही मिटली. दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत, तुम्हाला या गाडीवर पास करता येणार नाही, असं ते म्हणाले. मावशीने विचारलं की हे कुठे लिहिलंय. लिहायला कशाला हवं, दिसतंच आहे, असं उत्तर आलं.

घरी जायच्या ऐवजी मावशी त्याच कार्यालयाच्या खिडकीशी गेली आणि नियमांचं पुस्तक मागितलं. बाकावर बसून तिने ते दुपारपर्यंत वाचलं. पायांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. गाडी थांबवताना ताब्यात असली पाहिजे, एवढंच होतं. तेवढं वाक्य तिने पान क्रमांकासकट कागदावर उतरवून घेतलं.

दुसऱ्या वेळी ती झकास थांबली. पण वळताना मागे वळून पाहायचं विसरली आणि नापास झाली. यात परीक्षकांचा काही दोष नव्हता आणि ते तिने मान्य केलं. तो दिवस तिला सर्वांत जड गेला. पहिल्या वेळी रागवायला कुणीतरी होतं. त्या संध्याकाळी ती नेहमीसारखी पायी टेकडी चढली, थेंब घातले आणि आजीला काहीच सांगितलं नाही. पुढचे तीन आठवडे ती रस्त्याने चालतानासुद्धा वळणावर मान वळवून मागे पाहायची. भाजीवाली विचारायची की कुणी मागे लागलंय का.

तिसऱ्या वेळी तेच परीक्षक होते. मावशीने नियमाचा तो कागद आधी त्यांच्या हातात दिला. आठचा आकडा झाला, वळण झालं, मान वळली, रेषेवर थांबणं झालं. परीक्षकांनी तिला गाडी चढावर न्यायला सांगितलं. तिथे थांबून दाखवा. तिने कंबर सरकवली, डावा पाय टेकला, ब्रेक दाबून धरला. गाडी तसूभरही मागे आली नाही.

"पुन्हा दाखवा," परीक्षक म्हणाले.

तिने पुन्हा दाखवलं. मग आणखी एकदा.

"अजून किती वेळा?" मावशीने विचारलं.

"माझी खात्री होईपर्यंत."

"मग साहेब, खुर्ची मागवा. बॅटरी चाळीस किलोमीटर चालते."

परीक्षक हसले नाहीत. पण आणखी दोनदा थांबवून त्यांनी सही केली. ती कागद घेऊन निघाली तेव्हा त्यांनी सीट कुणी कापली असं विचारलं, आणि तिने सांगितल्यावर त्या सीटवर हाताने दाबून पाहिलं.

टेकडीची पन्नास मिनिटं आता बारा मिनिटांवर आली. भेगांमुळे बस जात नव्हती, पण एवढ्याशा गाडीला कडेने पुरेशी वाट होती. पहिल्या दिवशी आजीला खाली आणून गाडी दाखवली. दाखवली म्हणजे तिचा हात गाडीला लावला. आजीने हँडलपासून मागच्या दिव्यापर्यंत चाचपून पाहिलं आणि म्हणाली, "बरी आहे. तुझ्या मापाची मिळाली." मावशीने सात सीटची हकिगत सांगितली नाही.

तिसऱ्या आठवड्यात मावशी पडली. रस्त्याच्या कामाची खडी पसरली होती, तिच्यावरून पुढचं चाक घसरलं. कोपर सोलवटलं, बाही फाटली. सातला दहा मिनिटं कमी होती. तिने गाडी उचलली, वर गेली, हात धुतले आणि थेंब घातले. आजीला डोळे मिटून पाच मिनिटं पडून राहावं लागतं. त्या पाच मिनिटांत तिने मावशीचा हात धरला आणि बोटं फाटक्या बाहीवर गेली.

"पडलीस?"

"हो."

"लागलं?"

"थोडं."

आजी डोळे मिटूनच होती. तशीच ती म्हणाली, "उद्या येऊ नकोस असं म्हणणार होते. पण तू येणार. मग हळू ये."

मावशी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हजर होती, कोपराला पट्टी बांधून. काकांनी मात्र खडीच्या त्या तुकड्यावर स्वतः जाऊन झाडू मारला. हे तिला भाजीवालीकडून कळलं.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. नजरेचा नकाशा आधीसारखाच होता. गेलेलं परत आलं नव्हतं, पण होतं ते जागेवर होतं. डॉक्टर म्हणाले, असंच चालू ठेवा. मावशीने मला फोनवर एवढंच सांगितलं आणि मग रडायला लागली. तिला रडताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

दरम्यान वर्कशॉपमध्ये बुटक्या माणसांची रांग लागली. शाळेतली एक बाई आली, एक परिचारिका आली. एक गृहस्थ आले, बायकोसाठी सीट खाली करून हवी म्हणाले आणि मापाला स्वतःच गाडीवर चढून बसले. मावशीने मुकाट्याने त्यांचंच माप घेतलं आणि वहीत 'बायको' असं लिहिलं. वस्तादांना आधी हे उद्योग पसंत नव्हते. एकेका सीटला दोन-दोन दिवस कोण देतं, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनीच खिडकीजवळची मोठ्या टेबलाची जागा तिला मोकळी करून दिली.

मागच्या वर्षी आजीने एक दिवस विचारलं की त्या गाडीवर मागे बसता येईल का. तिला तिच्या मैत्रिणीकडे जायचं होतं, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. दोघी लहानपणापासूनच्या, आणि सहा वर्षांत भेट नव्हती. सामानाच्या पेटीची जागा होती तिथे मावशीने मागची सीट बनवली, पाठीला टेकू आणि दोन्ही बाजूंना धरायला मुठी. काकांनी दोघींना पटांगणात चार फेऱ्या मारायला लावल्या आणि मगच सोडलं.

चाळीस मिनिटं लागली. वाटभर आजी मुठी घट्ट धरून बसली होती. मैत्रिणीच्या दारात उतरल्यावर तिने हेल्मेट काढून मावशीच्या हातात दिलं, केस सारखे केले आणि आत गेली. आतून दोन म्हाताऱ्यांचं एकदमच बोलणं सुरू झालं. मावशी बाहेर उन्हात गाडीला टेकून उभी राहिली. संध्याकाळच्या थेंबांना अजून पाच तास होते, म्हणून तिने त्यांना बोलू दिलं.