भवानी आमच्या ओट्यावरची

आमच्या पक्षात निवडणूक होत नाही, एकमत होतं. हे वाक्य बाबांचं. पालघरजवळच्या माहीमला, आमच्या वाडीत येईल त्याला ते ऐकवायचे. आपला पक्ष जुन्या वळणाचा, संस्कारांचा. खुर्चीसाठी मारामाऱ्या इतरांकडे. आणि तालुकाध्यक्ष बदलायचं ठरलं मात्र, आमच्याच ओट्यावर कुजबुजीला ऊत आला! एका बाजूला बाबा आणि किनाऱ्यावरचे जुने वाडीवाले. दुसऱ्या बाजूला बोईसरचा एक ठेकेदार, कारखान्यांना मजूर पुरवणारा, कालपरवा दुसऱ्या पक्षातून आलेला. बाबांनी उभा जन्म सतरंज्या उचलल्या होत्या. वयाची अट आडवी येत होती, तेव्हा आत्ता नाही तर कधीच नाही.

मी पहिल्यापासून भोचक. एकमत होतं म्हणजे नेमकं कसं होतं, हे मला बघायचंच होतं.

त्यासाठी वरून निरीक्षक येणार होते. सकाळी आमच्याकडे जेवण, दुपारी पालघरच्या हॉलमध्ये एकेकाला आत बोलावून मत विचारायचं, रात्री मुक्काम बोईसरला ठेकेदाराकडे. कुणीतरी बाबांच्या कानात सांगितलं, निरीक्षक कट्टर शाकाहारी आहेत. झालं! रोज मासळीशिवाय घास न उतरणारा माझा बाप आईला म्हणाला, "आज घरात वाससुद्धा नको."

आणि नेमकी तेव्हाच सातपाटीची मासळीवाली मावशी आली. गेली कित्येक वर्षं तिची भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, आमच्या ओट्यावर व्हायची. बाबांच्या हाताला गुण आहे म्हणायची. अंगात ताप असला तरी बाबा उठून एक तरी मासा घ्यायचे, कारण भवानी मोडू नये. ही मावशी पक्षाच्या महिला आघाडीचीही होती. सातपाटीच्या बायका तिच्या शब्दाबाहेर नव्हत्या. डोक्यावरची टोपली ओट्यावर टेकवायला ती वाकली, तेवढ्यात बाबा धावले.

"आज नको गं! बाहेर, बाहेर. मोठे पाहुणे यायचेत."

ती तशीच वाकलेली राहिली. मग टोपली पुन्हा डोक्यावर गेली. "बरा दादा," एवढंच म्हणाली. आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. बाबांचं लक्ष केव्हाच फाटकाबाहेरच्या गाडीकडे गेलं होतं.

आईने वालाचं बिरडं असं केलं होतं की बोटं चाटावीत. निरीक्षक चवीने जेवले आणि हात धुताना हळूच म्हणाले, "सातपाटी इथून जवळच ना हो? मला वाटलं होतं, पापलेट मिळेल."

आई पदर तोंडात कोंबून आत पळाली.

दुपारी हॉलच्या बाहेर मी बाबांच्या शेजारी बसले. लोक आत जात आणि दहावीचा पेपर देऊन आल्यासारखे बाहेर येत. मावशी आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. "काय सांगत असेल गं ही?" त्यांनी मला दोनदा विचारलं. बाहेर आल्यावर ती आमच्याकडे न बघता रिक्षात बसली.

आठवड्याने निकाल आला. ठेकेदार. एकमताने. बाबांनी स्वतः त्याला हार घातला, फोटोत हसलेसुद्धा. घरी येऊन चप्पल भिरकावली आणि म्हणाले, "त्या बाईने घात केला. एका माशापायी!"

मला काही चैन पडेना. मावशी आता आमची गल्ली टाळून पुढच्या आळीत जायची. एका सकाळी मी तिला गाठलं आणि सरळ विचारलं, आत कुणाचं नाव घेतलंस?

"तुज्या बापाचाच," ती म्हणाली. "आनि कुनाचा घेऊ? आमच्या जेट्टीसाठी कोन झिजला ता मी सगला सांगितला त्यांना. त्यांच्या मनात आदीच दुसरा होता, त्याला मी काय करू?"

"मग आमच्याकडे का येत नाहीस?"

"ता येगला हाय," ती म्हणाली आणि टोपली उचलून चालू लागली.

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. माझा राग होता त्यांच्यावर, म्हणून काही गाळलं नाही. कातरायला घेतलेली सुपारी त्यांनी तशीच डब्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी ते अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून पुढच्या आळीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. मी मागोमाग होतेच. मावशी आली. बाबांना पाहून थांबली, टोपली उतरवली, वरचं ओलं फडकं बाजूला केलं. पापलेटं ताजी होती. बाबांनी घाईघाईने हात पुढे केला.

"घे दादा, कुठला पायजे ता घे," ती म्हणाली. "भवानी झाली हाय माजी."